पोटॅशसाठी दगड हवा, पण हिंजवडीचा नव्हे

हिंजवडीचे रस्ते, आयटी पार्कच्या इमारती आणि मेट्रोचे खांब ज्या खडीच्या जोरावर उभे आहेत, ती काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. खडी फोडताना क्रशरवर डस्टचे ढीग लागतात. ही डस्ट शेतात टाकली तर पोटॅशची पिशवी वाचेल, अशी कल्पना कुणालाही सुचेल. हिशेब मात्र जुळत नाही. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पालाश जेमतेम अर्धा टक्का, बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी. भाताला हेक्टरी 50 किलो पालाश द्यायचा, तर एमओपी (म्युरेट ऑफ पोटॅश) 83 किलो पुरते; बेसाल्टची भुकटी दहा टन टाकावी लागेल, आणि तीही त्यातला सगळा पालाश त्याच हंगामात मोकळा झाला तर. तो होत नाही. बेसाल्टच्या भुकटीतून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका मिळते, त्यासाठी ती जरूर वापरावी; पण पोटॅश म्हणून ती कुणी विकायला आणली तर शेतकऱ्याने घेऊ नये.

तरीही दगडातून पालाश काढण्याचा विचार मला सोडून द्यावासा वाटत नाही. भारत आपला एमओपी जवळजवळ सगळा आयात करतो. कॅनडा, रशिया, बेलारूस हे जगातले मोठे उत्पादक. बेलारूसवरचे निर्बंध आणि युक्रेनचे युद्ध यांमुळे 2022 साली 50 किलोची पिशवी 1,700 रुपयांपर्यंत गेली. दुसरीकडे राजस्थान, तेलंगण, आंध्रात फेल्डस्पार निघतो आणि तो टाइल्स-काचेच्या कारखान्यांत जातो. शुद्ध पोटॅश फेल्डस्पारमध्ये जवळपास 17 टक्के पालाश असतो. अडचण एवढीच, की तो सिलिका आणि ॲल्युमिनियमच्या घट्ट जाळीत कोंडलेला असतो आणि पावसाच्या पाण्याला ही जाळी फोडायला युगे लागतात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अँत्वान अलानोर यांच्या गटाने ब्राझीलचा असा खडक बारीक दळून, चुन्याबरोबर दाबाखालच्या, सुमारे 220 अंश सेल्सिअसच्या वाफेत काही तास शिजवला. जाळी मोडली, काही पालाश लगेच मोकळा झाला, काही हळूहळू सुटण्याजोगा राहिला आणि सोबत कॅल्शियम सिलिकेट तयार झाले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत अभ्रकाचा टाकाऊ चुरा कंपोस्टमध्ये मुरवून आणि जिवाणूंच्या मदतीने पालाश सोडवण्याचे प्रयोग झाले आहेत. दगडावर प्रक्रिया करून खत करणे ही नवलाची गोष्टही नाही. फॉस्फेटी खडकावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून होणाऱ्या सुपर फॉस्फेटचे पेटंट इंग्लंडच्या लॉज यांनी 1842 मध्ये घेतले. आज त्या पिशवीला कुणी दगड म्हणत नाही.

शिजवलेल्या फेल्डस्पारचे हे खत कुठे लागू पडेल, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मुळशी तालुक्यातच दिसते. हिंजवडीकडून ताम्हिणीकडे जाऊ लागले की पाऊस वाढत जातो, जमीन आम्लधर्मी होते आणि घातलेला पोटॅश पाण्याबरोबर वाहून जाण्याची भीती वाढते. तिथल्या भातखाचरांना हळूहळू सुटणारा पालाश, थोडा चुना आणि सिलिका हे तिन्ही हवे असतात. इंदापूर-बारामतीच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हेच अल्कधर्मी खत घातले, तर लाभ थोडा आणि सामू वाढण्याची धास्ती.

यावरचे आक्षेप वजनदार आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मन पोटॅश बंद झाल्यावर अमेरिकेने फेल्डस्पारचा प्रयत्न केला होता. युद्ध संपून स्वस्त पोटॅश परतताच तो मागे पडला. दळण्याला वीज लागते, वाफेला इंधन लागते, चुना भाजताना कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणून मी याला एमओपीचा पर्याय म्हणणार नाही. महाराष्ट्राला आज हाताशी असलेला देशी स्रोत मळीचा आहे: डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशच्या राखेपासून होणाऱ्या, 14.5 टक्के पालाशाच्या पीडीएमला (मळीपासूनच्या पोटॅशला) केंद्राने 2021 मध्ये अनुदान योजनेत घेतले. उसाने जमिनीतून उचललेला पालाश त्यामुळे पुन्हा जमिनीत जातो. हे काम आधी व्हावे. आमच्या जमिनीत पालाश मुबलक आहे, हा आक्षेप मात्र अर्धाच खरा. काळ्या जमिनीत साठा मोठा आहे, पण ऊस नत्राहून अधिक पालाश उचलतो आणि भरपाई न करता पीक काढत राहिले तर साठा घटतोच. घाटमाथ्याच्या धुपलेल्या जमिनीत तर तो मुळातच तोकडा.

नियमाचीही गाठ सोडवावी लागेल. खत नियंत्रण आदेशात एमओपीची प्रत पाण्यात विरघळणाऱ्या पालाशावर ठरते. तीच कसोटी शिजवलेल्या खडकाला लावली, तर त्याचा हळूहळू सुटणारा भाग हिशेबातच धरला जाणार नाही. डीएपीमध्ये सायट्रेटमध्ये विरघळणारा स्फुरद मोजतात. सौम्य आम्लाची तशी कसोटी इथेही बसवता येईल. ती नसली तर कच्ची भुकटीही खत म्हणून खपवली जाईल. चाचणी घ्यायची जागाही जवळच आहे. 1987 मध्ये इंद्रायणी भात देणारे वडगाव मावळचे संशोधन केंद्र हिंजवडीपासून फार दूर नाही. तिथे एमओपी, पीडीएम, कच्चा फेल्डस्पार आणि शिजवलेला फेल्डस्पार एकाच खाचराच्या चार भागांत तीन हंगाम घालावेत, आणि उत्पादनाबरोबर पावसाळ्यानंतर जमिनीत उरलेला पालाशही मोजावा.