टपालखान्याच्या किल्ल्या

गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी पत्र्याच्या एका पेटीत १९८० नंतरची पोस्टकार्डे आणि आंतर्देशीय पत्रे आहेत. दोन-तीन वाळवीने खाल्ली, बाकीची शाबूत आहेत. याउलट गोदाकाठच्या जुन्या घाटांविषयी एका ज्येष्ठ अभ्यासकांशी दहा वर्षे चाललेला माझा ई-पत्रव्यवहार एका सकाळी नाहीसा झाला. फुकट मिळालेले खाते बंद केले गेले. कारण एका ओळीचे, आणि दाद मागायला माणूस नाही. ते गृहस्थ तोवर निवर्तले होते, त्यामुळे त्यांच्याकडच्या प्रती मागण्याचीही सोय उरली नाही.

ज्या नाशिकमध्ये १९२६ साली देशाची टपाल तिकिटे छापायला सुरुवात झाली, तिथे राहून आपले टपाल कोण सांभाळतो हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते. संगणकाचे शिक्षण नव्हते. पुस्तके आणि चुका यांच्या आधारे जे कळले ते मांडतो.

आपण ई-पत्र ‘पाठवतो’ म्हणजे ते एका मेल सर्व्हरच्या स्वाधीन करतो. तो समोरच्याचा सर्व्हर शोधून त्याच्याशी एका ठरीव बोलीत बोलतो: मी अमुक, पत्र तमुकाकडून, अमक्यासाठी, मजकूर हा असा. एसएमटीपी नावाची ही बोली १९८२ साली लेखी स्वरूपात आली. मुंबईत जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७च्या सुमारास ई-पत्रे जाऊ-येऊ लागली. पत्र घेणाऱ्या सर्व्हरचे दार मात्र चोवीस तास उघडे ठेवावे लागते आणि कोणीही अनोळखी त्यात येऊन बोलू शकतो. सगळी गोम इथे आहे.

त्या काळी बहुतेक ठिकाणी बर्कलीच्या एरिक ऑलमन यांची ‘सेंडमेल’ ही आज्ञावली चाले. पत्र घेणे, रांगेत लावणे, पुढे पाठवणे ही सारी कामे ती एकटीच करी, तीही यंत्रावरच्या सर्वाधिकारासह. म्हणजे असे पोस्ट ऑफिस, जिथे खिडकीवरच्या कारकुनाच्याच कमरेला तिजोरीची किल्ली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ ज्या वाटांनी शिरला, त्यांतली एक हीच. चाचणीसाठी ठेवलेल्या सोयीमुळे पत्र घेणाऱ्याच्या नावाच्या जागी चक्क आज्ञा लिहिता येत होती, आणि सेंडमेल ती पाळत होता. सुमारे सहा हजार यंत्रे बाधित झाली, असा त्या वेळचा अंदाज.

धडा घेऊन पुढे आलेल्यांनी किल्ल्या वाटून टाकल्या. डॅनियल बर्नस्टाइन यांचे क्यूमेल आणि वित्से वेनेमा यांचे पोस्टफिक्स ही नव्वदच्या दशकातली उदाहरणे. मी वापरतो ते ओपनएसएमटीपीडी २००८च्या सुमारास जिल शेहाद यांनी सुरू केले. ते ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग आहे. थिओ द राट यांनी १९९५ साली कॅनडातून सुरू केलेली ही सिस्टीम आपलाच मजकूर पुन्हापुन्हा वाचून चुका काढण्यासाठी ओळखली जाते. त्यातल्या मेल सर्व्हरमध्ये अनोळखी माणसाशी बोलणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, पत्ते शोधणारा वेगळा. एकाला फितवले तरी दुसऱ्याची खोली उघडत नाही. यातल्या निरोप्याचे नाव बरीच वर्षे अमेरिकेतल्या घोडेस्वार टपालावरून ‘पोनी एक्स्प्रेस’ असे होते. आपल्याकडे कोणी लिहिले असते तर ‘सांडणीस्वार’ ठेवले असते!

हे सारे मुक्त आहे. माझे गेलेले खातेही फुकट होते, पण मुक्त नव्हते. त्याच्या आत काय चालते हे मला पाहता येत नव्हते, आणि ते उचलून दुसरीकडे मांडताही येत नव्हते.

तरी भाबडेपणा नको. जानेवारी २०२०मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी याच ओपनएसएमटीपीडीत भगदाड दाखवले. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कोणती चिन्हे चालतील याची तपासणी होती. पण पत्त्याचा उत्तरार्ध रिकामा असला की पूर्वार्धाची अक्षरे न पाहताच ‘चालेल’ असे उत्तर मिळे. २०१८च्या एका बदलात ही चूक शिरली होती. पत्र पेटीत टाकण्याच्या शेवटच्या पायरीला सर्वाधिकार होता आणि पत्त्यात दडवलेली आज्ञा नेमकी तिथे पोहोचत होती. हल्ला करून दाखवताना संशोधकांनी युक्ती उचलली ती १९८८च्या वर्ममधली. बत्तीस वर्षांनी तीच वाट! दुरुस्ती लगोलग आली. मी रात्री जागून ती लावली आणि चूक कोणत्या ओळीत होती तेही पाहिले. निम्मे कळले.

बर्नस्टाइन यांनी तर २००७ सालीच स्वतःच्या कामाचा आढावा घेताना लिहिले होते, की किल्ल्या वाटण्यावर भर देणे ही दिशाभूल होती. मुळात चुका कमी करा, आणि ज्याच्यावर विसंबावे लागते तो मजकूरच कमी लिहा. मला त्यांचे अर्धेच पटते. माणसे चुका करणारच, म्हणून भिंती हव्यात. पण कोणती भिंत कुठे संपते हे कोणीतरी पुन्हापुन्हा वाचायलाही हवे, आणि हे वाचणारे जगभर थोडे आहेत.

आता माझे टपाल मीच सांभाळतो. घरच्या जोडणीवर टपालाचे दार, म्हणजे पंचवीस क्रमांकाचे पोर्ट, सेवा देणाऱ्यांनी बंदच ठेवलेले; म्हणून मुंबईत एक लहान यंत्र भाड्याने घेतले आहे. त्याच्या मांडणीची फाइल जेमतेम पंधरा ओळींची. खरा त्रास पुढे. माझ्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कोणत्या यंत्राला हे जाहीर करा, प्रत्येक पत्रावर अदृश्य सही उमटवा, एवढे करूनही मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर नव्या पत्त्याकडे संशयाने पाहतात. या दिवाळी अंकाच्या संपादकांना पाठवलेले पहिले पत्रही स्पॅममध्ये पडले होते. फोन करून सांगावे लागले. दर महिन्याला सगळ्या पत्रांची एक प्रत डिस्कवर उतरवतो आणि सिन्नरला बहिणीकडे नेऊन ठेवतो. तिने ती डिस्क लोणच्याच्या बरणीमागे ठेवली आहे.