नखांना धरेल अशी आरास

काचेवर नख घासल्याचा आवाज फारसा मोठा नसतो, परंतु तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालू राहिला म्हणजे घरातील माणसांना स्वस्थ बसू देत नाही. जयपुरातील खातीपुऱ्याच्या आमच्या बिऱ्हाडी गेल्या चैत्रात माझी भाची शिक्षणाच्या निमित्ताने राहावयास आली, तेव्हा तिच्या सामानासोबत एका काचेच्या पेटीतून हातभर लांबीचा एक सरडाही आला. वाळूच्या रंगाचा, हनुवटीखाली मऊ काट्यांची झालर असलेला, आणि त्या झालरीमुळेच ‘बिअर्डेड ड्रॅगन’ हे नाव पावलेला. भाचीने त्याचे नाव भुऱ्या ठेवले होते. चारही बाजूंनी पारदर्शक असलेल्या त्या पेटीत हा भुऱ्या मागच्या काचेला पुढचे दोन्ही पाय टेकून उभा राही आणि पलीकडे दिसणाऱ्या जागेत शिरण्याची वाट नखांनी चाचपीत असे. जे दिसते तेथे जाता येत नाही, हे त्याला कोणी आणि कसे समजावून सांगावे? “मामा, ह्याच्या पाठीशी भिंत हवी, काच नको,” असे भाची म्हणाली. आणि तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकविलेल्या माझ्या हातांना निवृत्तीनंतर प्रथमच एखादे काम आपणहून चालत आल्यासारखे वाटले.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व आणि मध्य अंतर्भागातील रुक्ष मुलखाचा. १९२६ साली एर्न्स्ट आल या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. पोगोना व्हिटिसेप्स हे त्याचे शास्त्रीय नाव. त्या देशाने आपल्या वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात केव्हाच बंद केली असल्यामुळे आज जगभरच्या घरांतून जे भुऱ्ये नांदत आहेत, ते पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मलेल्यांचे वंशज होत. आपल्याकडील सांडा, घोरपड किंवा पाठीवर चांदण्या असलेले कासव यांना मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय दिलेले आहे, आणि ते घरी आणणे हा गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांपैकी आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्यांची नोंद सरकारदरबारी करण्याची तजवीजही २०२२ च्या दुरुस्तीने झाली आहे. राजस्थानच्या वाळवंटातील सांडे तेलासाठी निर्दयपणे मारले जातात, हे ज्याने एकदा ऐकले आहे त्याला या कायद्याची आवश्यकता निराळी पटवून द्यावी लागत नाही.

‘खाती’ म्हणजे या प्रांतीच्या बोलीत सुतार, आणि खातीपुरा म्हणजे सुतारांची वस्ती. आज लष्करी छावणीच्या शेजारची ही वस्ती पुष्कळ बदलली असली, तरी नव्या पेटीसाठी मी गेलो तो एका वृद्ध मिस्त्रीकडेच. चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच, समोर सरकती काच आणि दोन्ही कडांना हवेसाठी जाळी, असा तपशील मी कागदावर काढून दिला. मागची फळी गुळगुळीत करून द्यावयाची का, असे त्यांनी विचारले, तेव्हा ती कशासाठी हे मी त्यांना सांगितले. त्यांनी फळीवरून हात फिरविला आणि म्हणाले, “पकड़ चाहिए बाबूजी, तो रंदा मत चलाओ.” पकड हवी असेल तर रंधा मारू नये, इतकेच ते बोलले. त्या वाक्याचा खरा अर्थ मला पुढे दीड महिन्याने, हाताला सिमेंटची भेगाळलेली त्वचा आल्यावर कळला.

दिवाळीत अंगणात किल्ला केलेला नाही असा माणूस आमच्या पिढीत साताऱ्याकडे सापडणे कठीण. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप, आणि चिखल ओला असतानाच पेरलेले अळीव, ही त्या बांधकामाची रीत. आणि विचार करू गेल्यास सरड्याच्या भिंतीची रीतही तीच आहे, म्हणजे आत हलका सांगाडा आणि बाहेर कणखर लेप. सांगाड्यासाठी मी थर्मोकोल निवडला. गणपतीची मखरे करून या पदार्थाशी महाराष्ट्राचा जुना परिचय, आणि त्याच्या अविनाशीपणामुळे २०१८ साली महाराष्ट्रात त्याच्या सजावटीवर बंदी आली तीही योग्यच. म्हणून नवा तावही विकत न घेता मी भंगारवाल्याकडून एका शीतकपाटाच्या बारदानातले जाड तुकडे आणले. जो पदार्थ मातीत मिसळत नाही तो निदान काही वर्षे एका जिवाच्या उपयोगी पडावा, एवढाच त्यातला हिशेब.

पहिला प्रयत्न वाया गेला. तुकडे घाईने चिकटवून मी त्यांवर डब्यातून फवारण्याचा तपकिरी रंग मारला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो कडा, ती कपार, तो सगळा डोंगर चुरचुरत खाली बसू लागला. कारण अशा रंगांत असणारी विद्रावके थर्मोकोलला, पाण्याने साखर विरघळावी तसे विरघळवून टाकतात. पाण्यात कालवला जाणारा गोंद, पाण्यात कालवला जाणारा रंग, आणि सांध्यांसाठी सिलिकोन, यांपलीकडे या कामात जाऊ नये. रणरणत्या उन्हात गच्चीवर तो विद्रूप अवशेष पाहत असताना माझ्या लक्षात आले की, त्याहून मोठी चूक मी आधीच केली होती. मी डोंगर पाहिल्यावाचून डोंगर करू निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे वही आणि शिसपेन्सिल घेऊन मी नाहरगडच्या वाटेने चढलो. सवाई जयसिंहांनी १७३४ साली हा गड बांधला तो अरवलीच्या ज्या धारेवर, तिचा खडक क्वार्ट्झाइटचा, म्हणजे मूळच्या वाळूचे कण दाबाने आणि उष्णतेने एकजीव होऊन बनलेला. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ पाहिलेल्या डोळ्यांना तो प्रथम परका वाटतो. तेथे थर आडवे नसून कलते आहेत, त्यांना काटकोनाजवळच्या चिरा छेदीत जातात, आणि त्यामुळे दगड गोलाकार न झिजता पायऱ्या-पायऱ्यांनी तुटतो. चिरांच्या कडेने लोहाचा तांबूस डाग उतरलेला असतो. एका तुटलेल्या पायरीवर एक बागसरडा बसला होता. पाऊण तास मी त्याच्याकडे पाहत राहिलो. ऊन कोवळे होते तोवर तो अंगाची एक बाजू सूर्याकडे करून, पोट दगडाला चिकटवून होता. ऊन चढले तसा त्याने पुढचे पाय ताठ करून पोट उचलले. आणि अखेरीस तो दगडाच्या पोटाखालच्या सावलीत, पण तोंड बाहेर ठेवून, सरकला. तीन जागा, आणि तिन्ही एकमेकींपासून वीतभर अंतरावर. माझ्या भिंतीचा नकाशा त्या पाऊण तासात तयार झाला.

प्राण्यामागे त्याचा प्रदेश उभा करण्याची ही विद्या काही आजची नव्हे. अमेरिकेतील मिलवॉकीच्या संग्रहालयात कार्ल एकली याने १८९० साली पाणउंदरांचा जो देखावा रचला, तो अद्याप तेथे आहे; हागेनबेकने १९०७ साली हँबुर्गजवळ गज काढून टाकून कृत्रिम खडकांची प्राणिबाग उघडली; आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या निसर्गेतिहासाच्या दालनांत लहानपणी मी पक्ष्यांपेक्षा त्यांच्या मागची रंगविलेली क्षितिजेच अधिक वेळ पाहिली आहेत. पण संग्रहालयातील भिंतीपुढचा प्राणी निर्जीव असतो, आणि तिचा गुणदोष पाहणारा डोळा केवळ आपला असतो. येथे भिंत वापरणारा जिवंत होता.

नाहरगडच्या कलाने थर्मोकोलचे थर मी पावाच्या सुरीने आणि करवतीच्या सुट्या पात्याने कापले, बांबूच्या काड्यांनी एकमेकांत खिळविले आणि भेगांत फसफसून फुगणारा फोम भरला. हा फोम ओला असताना हातमोज्यांवाचून हाताळू नये आणि पुरता एक दिवस वाळल्यावाचून कापू नये. तीन पायऱ्या ठेवल्या. प्रत्येकीची रुंदी भुऱ्याच्या छातीच्या दीडपट, आणि प्रत्येकीने माझ्या तळहाताचा पूर्ण दाब सोसला पाहिजे, कारण पाचशे ग्रॅमचा प्राणी उडी मारून येतो तेव्हा त्याचे वजन पाचशे ग्रॅम राहत नाही. खालच्या पायरीच्या पोटात एक कपार ठेवली. या सरड्याच्या माथ्यावर दोन डोळ्यांच्या मागे एक बारीकसा तिसरा नेत्र असतो, ज्याला आकृती दिसत नसली तरी वरून आलेली सावली कळते, आणि त्यामुळे वरून येणारा हात त्याला झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा भासतो. डोक्यावर छप्पर असलेली जागा त्याला हवी ती एवढ्यासाठी. मात्र ज्या चिरेत डोके शिरते पण खांदे शिरत नाहीत, अशी एकही चीर मी राहू दिली नाही.

यानंतरचे काम लेपाचे. फरशांच्या सांध्यांत भरतात ते सिमेंटचे ग्राउट पहिल्या हातासाठी ताकासारखे पातळ करावे, म्हणजे ते थर्मोकोलच्या मण्यामण्यांत उतरते. दुसरा हात बासुंदीसारखा, तिसरा आणि चौथा श्रीखंडासारखा. पुस्तकी नियम असा की दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा. पण तो नियम जेथे हवेत ओल असते तेथला. जयपुरात ज्येष्ठातील लू सुटली म्हणजे सकाळी लावलेला हात दोन तासांत कोरडा ठणठणीत होतो आणि त्यावर केसासारख्या भेगांचे जाळे उमटते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि ते पाणीच वाऱ्याने हिरावून नेलेले असते. शेवटी शेजारच्या इमारतीवर काम करणाऱ्या एका चेजाऱ्याने, म्हणजे गवंड्याने, जे तो स्लॅबला करीत होता तेच मला करावयास सांगितले. पहाटे चारला लेप, सूर्योदयापूर्वी वर ओले गोणपाट, आणि संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी पाणी. भाची कॉलेजातून आली की पहिला प्रश्न “मामा, पाणी मारलंत ना?” हाच असे.

त्याच चेजाऱ्याकडून मी ‘आराइश’ हा शब्द ऐकला. जयपूरच्या जुन्या हवेल्यांच्या भिंतींवर चुना आणि संगमरवराची भुकटी यांचे थरावर थर देऊन, शेवटचा थर अकीकाच्या खड्याने घोटघोटून जी आरशासारखी झिलई आणतात, तिचे ते नाव. मूळ फारसी, अर्थ सजावट, आणि आपण गौरीगणपतीपुढे जी ‘आरास’ मांडतो तो शब्दही त्याच घरचा. हे ऐकून मला फार आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग त्या वृद्ध मिस्त्रीचे वाक्यही आठवले. घरातल्या पालीला तिच्या बोटांखालच्या सूक्ष्म केसाळ पट्ट्यांमुळे ती आराइशची भिंतही चढता येईल. परंतु भुऱ्याच्या बोटांना असल्या गाद्या नाहीत, त्याला केवळ नखे आहेत, आणि नखाला धरावयास काहीतरी उंचसखल लागते. माझा हात मात्र शाळेतील सवयीने प्रत्येक पृष्ठ सारखे करू पाहत होता. चौथा हात मी कुंचल्याने पुसला नाही. ताठ केसांच्या ब्रशाने ठोकत नेला, आणि ओल्यावरच चाळलेली वाळू दाबून बसविली.

रंगांविषयी थोडे. गेरू, हिरमुजी, पिवडी आणि काजळी, यांच्याबाहेर जाण्याची गरज पडली नाही. काळपट तांबूस रंग पातळ करून सगळीकडे वाहू दिला, तो चिरांत साचला. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट पिवळा केवळ उंचवट्यांवरून ओढला. सिमेंटमधला क्षार प्राण्याच्या कातडीला बाधू नये म्हणून सौम्य व्हिनेगरचे पाणी फिरविले, धुतले, वाळविले, आणि पाण्यातील निस्तेज वार्निशचे तीन हात देऊन पंधरा दिवस भिंत उघड्या गच्चीत, रात्री वाऱ्याला, वास पुरता जाईपर्यंत ठेवली. हे पंधरा दिवस भाचीला फार जड गेले.

पेटीत भिंत बसविल्यावरही भुऱ्याला आत सोडण्यापूर्वी एक परीक्षा बाकी होती. त्याच्या उन्हाच्या जागेचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास असावे आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाशी पंचवीसच्या जवळपास उतरावे, असा या प्राण्याचा नेम. पायरी जितकी उंच तितकी ती दिव्याला जवळ. मी सौंदर्यासाठी उंच ठेवलेल्या वरच्या पायरीवर तापमापकाने बावन्न दाखविले. थर्मोकोल ऐंशीच्या सुमारास मऊ पडतो ही निराळीच भीती. पायरी कापून चार बोटे खाली आणली आणि तिच्यावर कोटा दगडाचा एक तुकडा बसविला, जो ऊब धरून ठेवतो आणि दिवा मालवल्यावर सावकाश सोडतो. शिवाय भिंत आणि फळी यांमधला प्रत्येक सांधा सिलिकोनने बंद केला. कारण भुऱ्याच्या खाण्यातील पिवळ्या अळ्या थर्मोकोल खाऊन पचवू शकतात, असे २०१५ साली चीन आणि अमेरिका येथील संशोधकांनी दाखवून दिले आहे, आणि एक अळी मागे निसटली असती तर आमचा नाहरगड आतून पोखरला गेला असता.

आषाढाच्या पहिल्या पावसाच्या दिवशी त्याला आत ठेवले. तो बराच वेळ जमिनीवर मान वर करून, दाढी काळी करून, भिंतीकडे पाहत राहिला. मग उजवा पाय पहिल्या पायरीच्या कडेला लावला, नखे रोवली, ती सुटतात का हे पाहावे तसा थांबला, आणि अंग वर खेचले. तीन पायऱ्यांना त्याला दुपार लागली. कोटा दगडावर पोहोचल्यावर त्याने पोट सपाट पसरले आणि दाढीचा काळेपणा हळूहळू उतरून तीत मूळचा वाळूचा रंग आला. काचेवरचे नख त्या दिवशी वाजले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडे वाजले, आणि नंतर क्वचित.

मधल्या पायरीची एक कड मला खटकत होती. तेथे वाळू जास्त बसून दातेरी झाली होती, आणि ती घासून काढावी म्हणून मी पॉलिश पेपरचा तावही आणून ठेवला होता. अकराव्या दिवशी पेटी उघडली तेव्हा त्या दातेरी कडेला कागदासारखा पातळ, राखाडी, खवल्यांची जाळी उमटलेला एक पापुद्रा अडकलेला दिसला, आणि भुऱ्या आपल्या बरगडीची उरलेली कात त्याच कडेवर पुढेमागे होऊन घाशीत होता. भाचीने पेटी लावून घेतली. पॉलिश पेपरचा ताव मी मिस्त्रीकडे परत देऊन आलो.