कथील खाणारा लांडगा

विजेच्या जुन्या दिव्यातील तंतू ज्या धातूचा बनवीत, त्या टंगस्टनचे रासायनिक चिन्ह 'डब्ल्यू' का, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या 'वोल्फ्राम' या जर्मन नावात आहे. आणि ते नाव म्हणजे सॅक्सनी व बोहेमिया यांच्या सरहद्दीवरील एर्त्सगेबिर्ग पर्वतात कथील काढणाऱ्या खाणकऱ्यांची एक जुनी फिर्यादच होय.

या सामासिक शब्दातील 'वोल्फ' म्हणजे लांडगा, याविषयी वाद नाही. 'राम' या उत्तरपदाचा अर्थ मात्र आजच्या जर्मनप्रमाणे साय असा घ्यावा, की मध्ययुगीन जर्मनप्रमाणे काजळी असा, याविषयी दोन पक्ष संभवतात. गेओर्ग आग्रिकोला या वैद्याने १५४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात 'लांडग्याचा फेस' असा उल्लेख केला असल्याने पहिला पक्ष बळावतो. परंतु ज्यापासून हा धातू मिळतो त्या वोल्फ्रामाइट या खनिजाचा काळसर रंग पाहता दुसराही दुर्बल म्हणवत नाही.

लांडग्यावर आळ येण्याचे कारण भट्टीत होते. कथिलाचे धातुक आणि हे खनिज अनेकदा एकाच शिरेत आढळत, आणि दोहोंचे विशिष्ट गुरुत्व सातच्या आसपास असल्यामुळे, फोडलेला दगड वाहत्या पाण्यात धुऊन हलका भाग वाहवून देण्याच्या त्या मुलखातील रीतीने ती वेगळी होत नसत. मग दोन्ही मिळूनच भट्टीत जात, कथिलाचा काही अंश मळीत अडकून पडे, आणि हाती येणारे कथील अपेक्षेहून कमी भरे. तेव्हा लांडगा मेंढरे फस्त करतो तसे हे खनिज कथील खाते, असे खाणकरी म्हणत.

पुढे १७८३ मध्ये स्पेनमधील बेर्गारा येथे एल्हुयार बंधूंनी याच खनिजापासून मिळविलेल्या आम्लाचे कोळशाने क्षपण करून नवा धातू वेगळा केला. तो ३,४२२ अंश सेल्सिअसला, म्हणजे इतर कोणत्याही धातूपेक्षा अधिक तापमानाला, वितळतो. 'टंगस्टन' हे स्वीडिश नाव मूळचे दुसऱ्याच एका जड खनिजाचे. ते धातूला चिकटले, तरी चिन्ह वोल्फ्रामचेच कायम राहिले. विद्युत्चुंबक हाती आल्यावर, त्याकडे वोल्फ्रामाइट ओढले जाते आणि कथिलाचे धातुक ओढले जात नाही, या भेदाचा उपयोग करून दोहोंची फारकतही साधली.

कोबाल्ट आणि निकेल ही नावेही जर्मन खाणकऱ्यांच्या अशाच तक्रारींतून आली आहेत, केवळ तेथे दोष भुताखेतांच्या माथी मारलेला आहे. तेव्हा अशा नावांना अडाणी समजुतीचे अवशेष म्हणून निकालात काढण्यापूर्वी, त्यांत कोणता प्रत्यक्ष अनुभव नोंदलेला आहे, हे अभ्यासकाने अवश्य तपासून पाहावे.