बोटीवर बसताना : मद्य, नियम आणि आपली जबाबदारी



गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातल्या कुटुंबांच्या सहलींचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी महाराज बाड्यावरून निघालेली मंडळी पंढरपूर, गाणगापूर आणि फार तर महाबळेश्वर करून परतत. आता गोवा एक्सप्रेसने थेट मडगाव गाठायचे, मांडवीत संध्याकाळची बोटफेरी घ्यायची, कुणाची साठी किंवा लग्नाचा पंचविसावा वाढदिवस मुंबई-गोवा क्रूझवर साजरा करायचा, असे बेत होतात. परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांना तिकडच्या तळ्यांवर बोटीतून फिरवतात. अशा ठिकाणी मद्य बहुधा असतेच. कुणी घेतात, कुणी घेत नाहीत. आपल्या घरांत या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची रीत नाही. ‘तो विषयच नको’ म्हणून आपण मोकळे होतो आणि बोटीवर गेल्यावर ज्याला जे सुचेल ते तो करतो. म्हणून ही माहिती एकत्र मांडत आहोत. कुणाला प्या किंवा पिऊ नका असे सांगण्याचा आमचा हेतू नाही.

घरातली बैठक आणि बोटीवरची बैठक

घरी कुणी जास्त घेतली तर तो झोपतो, सकाळी डोके धरून बसतो आणि वहिनींची बोलणी खातो. बोटीवर तसे नसते. तिथे एकाचा तोल गेला तर त्याला वाचवायला दुसरा पाण्यात उतरतो, सगळे एका बाजूला धावतात आणि छोटी बोट कलंडते. सुकाणूवरचा माणूस प्यालेला असेल तर न पिणाऱ्यांचा, आजी-आजोबांचा आणि नातवंडांचा जीवही त्याच्याच हातात असतो. बोटीवरचे पिणे एकट्याचे राहत नाही, ही या लेखातली मुख्य गोष्ट. पुढचे सगळे नियम तिच्यातूनच निघतात.

शरीराचाही भाग आहे. हेलकावे, ऊन, वारा आणि इंजिनाचा आवाज यांनी माणूस न पिताही थकतो. त्यात मद्याची भर पडली की तोल आणि अंदाज लवकर सुटतात. रात्री पाण्यात पडलेल्या, नशेतल्या माणसाला वर कुठे आणि खाली कुठे हेही कळेनासे होऊ शकते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत, जीवघेण्या बोट अपघातांच्या ज्ञात कारणांमध्ये मद्य वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर आहे. उत्तम पोहता येते एवढ्यावर विसंबू नये.

पेगचा हिशेब

आमची उमर बँकेत गेली, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय समाधान होत नाही. आपल्याकडची व्हिस्की किंवा रम साधारण 42.8 टक्के अल्कोहोलची असते. 30 मि.ली.च्या छोट्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, मोठ्या पेगमध्ये 20 ग्रॅम. 650 मि.ली.च्या, 5 टक्क्यांच्या बिअरच्या बाटलीत सुमारे 25 ग्रॅम आणि 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे 40 ग्रॅम. म्हणजे ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने स्ट्राँगची एक बाटली संपवली की चार छोटे पेग झाले.

आता दुसरी बाजू. 70 किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात एका छोट्या पेगने 100 मि.ली.मागे साधारण 20 मि.ग्रॅ. अल्कोहोल चढते. 55 किलोच्या स्त्रीच्या बाबतीत हाच आकडा 30च्या पुढे जाऊ शकतो. उतरते ते ताशी सुमारे 15 मि.ग्रॅ. या वेगाने. कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. रात्री आठ ते एक या वेळात पाच मोठे पेग घेतलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी सात वाजताही 40च्या वर शिल्लक असू शकते. ‘काल रात्री घेतली होती, आता काय!’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. हे आकडे अंदाजाचे आहेत. वय, जेवण, यकृताची स्थिती यांप्रमाणे ते बदलतात, आणि आमच्या वयात बहुधा वरच्या दिशेनेच.

सुकाणू ज्याच्या हाती

रस्त्यावरचा नियम आपल्याला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185प्रमाणे चालकाच्या 100 मि.ली. रक्तात 30 मि.ग्रॅ.पेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा मोटारींचा आहे, बोटींचा नाही. पण गोव्यात बोटीवरून उतरून भाड्याची स्कूटर चालवत हॉटेलवर जाणाऱ्यांना तो तिथल्या तिथे लागू होतो.

समुद्रावरच्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे. खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या या करारात मनिला येथे 2010 साली सुधारणा झाल्या आणि त्या 1 जानेवारी 2012 पासून लागू झाल्या. त्यानुसार कप्तान आणि जबाबदारीच्या कामावरच्या अधिकाऱ्यांसाठी मर्यादा 100 मि.ली. रक्तात 50 मि.ग्रॅ. अशी आहे. अनेक कंपन्या याहून कडक, म्हणजे शून्याचा नियम पाळतात. आपल्या 1958च्या व्यापारी नौकानयन कायद्यातही नशेमुळे जहाज किंवा जीव धोक्यात घालणे हा खलाशासाठी गुन्हा ठरवलेला होता.

नद्या, धरणे आणि तलाव यांवरच्या यांत्रिक बोटींसाठी 1917चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय नौका कायदा, 2021 आला आहे. बोटीची नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधने आणि चालकाचे प्रमाणपत्र या गोष्टी त्यात येतात. म्हणून तिघरा धरणावर असो की मांडवीवर, बोटीत पाय ठेवण्यापूर्वी नोंदणी क्रमांक, प्रवासीसंख्येची पाटी आणि लाइफ जॅकेट पाहणे हा आपला हक्क आहे. चालकाच्या तोंडाला वास येत असेल तर भाडे भरलेले असले तरी उतरावे. शे-दोनशे रुपये बुडाले तर बुडू द्यावेत.

लंडनची एक घटना या संदर्भात सांगण्याजोगी आहे. 20 ऑगस्ट 1989च्या पहाटे थेम्स नदीत ‘मार्शनेस’ नावाच्या सहलीच्या बोटीवर वाढदिवसाची पार्टी चालू होती. ‘बोबेल’ या मोठ्या मालवाहू जहाजाने तिला धडक दिली आणि 51 जण बुडाले. चौकशीत मुख्य दोष निघाला तो दोन्ही बोटींवर नीट पहारा नसल्याचा. पण मालवाहू जहाजाच्या कप्तानाने आदल्या दुपारी बिअर घेतली होती हेही उघड झाले आणि खलाशांच्या पिण्याचा प्रश्न तिथे ऐरणीवर आला. पुढे 2003 साली ब्रिटनने जहाजांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी मद्याची मर्यादा कायद्यात घातली. ज्या ब्रिटिश आरमारात 1970पर्यंत खलाशांना रोज सरकारी खर्चाने रम मिळत असे, त्याच देशाची ही गोष्ट.

प्रवाशांसाठी : राज्य बदलले की नियम बदलतो

मद्य हा आपल्या राज्यघटनेत राज्यांचा विषय आहे, म्हणून सगळ्या देशाला एक नियम नाही. मध्य प्रदेशात वयाची अट 21 वर्षांची. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी 21, पण व्हिस्की-रमसारख्या मद्यांसाठी 25. शिवाय तिथे 1949च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. आपली बावीस-तेवीस वर्षांची मुले पुण्या-मुंबईत शिकतात किंवा नोकरी करतात. त्यांना ही 25ची अट पुष्कळदा माहीतच नसते.

गोव्यात नियम सैल आहेत, पण मोकाट नाहीत. 2019 साली तिथल्या पर्यटनस्थळांच्या कायद्यात बदल होऊन किनाऱ्यावर व उघड्या जागी पिणे दंडनीय झाले. मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंवर 21 वर्षांखालील व्यक्तीला प्रवेश नाही. स्वस्त मिळाल्या म्हणून गोव्यातून बाटल्या भरून आणायचा मोह अनेकांना होतो. गोवा एक्सप्रेस कर्नाटक आणि महाराष्ट्र ओलांडून ग्वाल्हेरला येते, आणि प्रत्येक राज्याच्या अबकारी खात्याचा आपापला नियम असतो. परवान्याशिवाय त्या फंदात पडू नये. रेल्वेत नशेत सापडणे हाही रेल्वे कायद्याच्या कलम 145खाली गुन्हा आहे.

आपल्या राज्यातला एक बदल लक्षात ठेवावा. 1 एप्रिल 2025 पासून मध्य प्रदेशातल्या 19 तीर्थक्षेत्री दारूची दुकाने व बार बंद झाले आहेत. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, ओरछा आणि दतिया ही त्यातलीच. अहिल्याबाईंच्या घाटावरून नर्मदेत नावेने फिरणे किंवा ओरछ्याला बेतव्यात राफ्टिंग करणे आपल्याकडे नेहमीचे आहे. तिथे बाटली घेऊन जाणे नियमाच्याही पलीकडचा, मर्यादेचा प्रश्न आहे.

मोठ्या क्रूझबद्दल एक समज असा की किनारा सोडला की कायदा संपला. तसे नाही. जहाज ज्या देशाचे निशाण लावते त्या देशाचा कायदा जहाजाबरोबर चालतो, आणि किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 कि.मी., भारताचे प्रादेशिक पाणी असते. मुंबई-गोवा मार्गावर 2018 साली ‘आंग्रिया’ ही बोट सुरू झाली तेव्हा तिच्या नावाचे आपल्याला विशेष कौतुक वाटले, कारण ग्वाल्हेरचे सरदार आंग्रे घराणे कान्होजी आंग्र्यांच्याच कुळातले. अशा बोटींवर बहुधा स्वतःची बाटली नेता येत नाही. वयाची अट आणि इतर नियम तिकिटाच्या बारीक अक्षरांत असतात. ते वाचावेत. जहाज निघताना आणीबाणीची कवायत होते. ती आटोपेपर्यंत पेला हातात घेऊ नये. लाइफ जॅकेट कुठे आणि जमायचे कुठे, हे शुद्धीत असतानाच कळून घ्यावे.

औषधे आणि विमा

आमच्या वयाच्या सभासदांसाठी हा भाग महत्त्वाचा. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या ॲव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, आणि मद्याबरोबर ती दुप्पट जाणवते. झोपेच्या गोळ्यांचेही तेच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी प्याल्याने एकदम खाली जाऊ शकते. तेव्हा बोलणे अडखळते, पाय लटपटतात आणि बरोबरची मंडळी ‘चढली आहे, झोपू द्या’ म्हणून दुर्लक्ष करतात. हा गैरसमज जिवावर बेततो. मधुमेह असणाऱ्याने बरोबरच्या एकाला तरी तसे सांगून ठेवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

विम्याचेही पाहून घ्यावे. अपघात विमा आणि प्रवास विमा यांच्या बहुतेक पॉलिसींत, नशेत असताना झालेल्या अपघाताला भरपाई नाही, असे कलम असते. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने नशेत गाडी चालवल्याच्या एका प्रकरणात विमा कंपनीने दावा नाकारणे योग्य ठरवले. हप्ते वर्षानुवर्षे भरायचे आणि ऐन वेळी कुटुंबाच्या हाती काही नाही, असे होऊ नये.

निघण्यापूर्वी ठरवावे

1. बोट चालवणारा एक थेंबही घेणार नाही. परदेशात मुलगा किंवा जावई स्वतः बोट चालवत असेल तरी हाच नियम. घरचा माणूस म्हणून सूट नाही.

2. छोट्या बोटीत, बोट धक्क्याला लागेपर्यंत किंवा नांगर पडेपर्यंत बाटली बंद.

3. दहा जणांत निदान दोन मोठी माणसे न पिणारी असावीत. मुले त्यांच्याकडे सोपवावीत.

4. पिण्याअगोदर जेवण आणि मधून मधून पाणी. प्यायल्यावर पोहणे नाही, कठड्यावर बसणे नाही, टोकावर जाऊन फोटो नाही.

5. नको म्हणणाऱ्याला आग्रह नाही. आपल्याकडे जेवणात आग्रहाची थोर परंपरा आहे. ती पुरणपोळीपुरती ठेवावी.

6. लाइफ जॅकेट सर्वांना, सर्व वेळ.

शेवटच्या मुद्द्याविषयी थोडे. सप्टेंबर 2019 मध्ये भोपाळच्या खटलापुरा घाटावर गणेश विसर्जनाच्या वेळी नाव उलटून 11 तरुण बुडाले. त्या घटनेशी मद्याचा संबंध जोडण्याचे काही कारण नाही. अंगावर लाइफ जॅकेट नसणे आणि नावेवरचा भार एवढेच पुरले. शुद्धीतल्या, धडधाकट मुलांना पाणी इतके निष्ठुर ठरत असेल, तर नशेची भर घालून त्यात उतरणाऱ्याला ते काय दया दाखवणार?

यंदाच्या सहलीचा बेत ठरवताना तिकिटे, खोल्या आणि जेवणाबरोबर या सहा ओळींवरही घरात एकदा बोलावे. तरुण मंडळींना बोलावून बोलावे, त्यांच्या पाठीमागे नको. न पिणाऱ्यांनीही त्या बोलण्यात असावे, कारण बोट त्यांचीही आहे.