आधी हिशेब, मग कर्ज

सातारा जिल्ह्यातील माण हा अवर्षणग्रस्त तालुका होय. तेथील म्हसवड गावी लोहारकाम करणाऱ्या एका भगिनीचे अल्प बचतीचे खाते कोणतीही बँक उघडीना. तेव्हा श्रीमती चेतना गाला सिन्हा यांनी महिलांचीच सहकारी बँक काढण्याचे योजिले. प्रवर्तक भगिनी निरक्षर असल्याने रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नामंजूर केला. भगिनी खचल्या नाहीत. त्या लिहावाचावयास शिकल्या आणि ‘व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवितो’ असे त्यांनी अधिकाऱ्यांस सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. मजुरी बुडवून बँकेत जाणे भगिनींस परवडत नसे. म्हणून बँकच बचत घेण्यास त्यांच्या दारी जाऊ लागली.

या उदाहरणापासून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. कर्जाच्या कागदावर अंगठा उमटविण्यापूर्वी व्याज मोजावे. दरमहा शेकडा ३ रुपये हा दर अल्प भासतो. परंतु ५,००० रुपयांवर वर्षाचे व्याज १,८०० रुपये होते आणि मुद्दल तसेच उरते. ग्रामसेवकांनी हे गणित फळ्यावर मांडावे व भगिनींकडूनच सोडवून घ्यावे.