तराफ्यावरून आलेले जिराफ

नैरोबीत राहून सहा वर्षं झाली, पण आई पहिल्यांदा इकडे आली ती गेल्या डिसेंबरात. बाबा गेल्यापासून ती इंदापूरच्या घरात एकटीच असते. आता तिनं कायमचं आमच्याकडे यावं, असा माझा हट्ट. ती आली की तिला काय काय दाखवायचं, याची यादी बायकोनं आधीच करून ठेवली होती. त्यात मसाई मारा सगळ्यात वर होतं. पण माझ्या ऑफिसातला एक सहकारी बारिंगो भागातला. तो म्हणाला, "मारा सगळेच बघतात. आईला आमच्याकडचे जिराफ दाखव. ते बोटीनं आलेत!"

बोटीनं आलेले जिराफ? मग काय, शनिवारी पहाटे निघालो. डब्यात मेथीचे ठेपले, थर्मासमध्ये चहा. नाकुरू मागे टाकलं, मोगोतिओजवळ विषुववृत्त ओलांडलं, मारिगाटच्या पुढे झाडी काटेरी झाली आणि ऊन आपल्या सोलापूरसारखं भाजायला लागलं. दुपारी काम्पी या सामाकी या गावी पोचलो. स्वाहिलीत याचा अर्थ माशांचा तळ. समोर बारिंगो सरोवर पसरलेलं.

काठावर वाळलेली झाडं पाण्यात उभी होती. एका जुन्या इमारतीचं फक्त छप्पर वर दिसत होतं. गेल्या दहा-बारा वर्षांत सरोवराचं पाणी इतकं चढलं की घरं, हॉटेलं, रस्ते सगळं आत गेलं. आई एकदम गप्प झाली. तिचं माहेर उजनीच्या पाण्यात गेलंय. गाव उठलं तेव्हा ती शाळेत होती. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला ती अजूनही जाते.

बोटवाल्यानं तिला हात दिला आणि म्हणाला, "कारिबू, मामा." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, हा मला मामा का म्हणतोय?" स्वाहिलीत मामा म्हणजे आई, हे सांगितल्यावर ती मनापासून हसली. नऊवारीवर लाइफ जॅकेट चढवून बसली. वाटेत पाणघोड्यांची डोकी दिसली, एक मगरही दिसली. पूर्वेच्या काठावर रुको संवर्धन क्षेत्र आहे. रुगुस आणि कोमोलिओन या दोन वस्त्यांच्या नावांची आद्याक्षरं जोडून रुको. एका बाजूला इल चामुस लोक, दुसऱ्या बाजूला पोकोट. गुरं पळवण्यावरून या दोघांत पिढ्यानपिढ्या मारामाऱ्या झालेल्या. या संवर्धन क्षेत्राचे रेंजर मात्र दोन्हीकडचे आहेत.

आमच्या रेंजरनं सगळी गोष्ट सांगितली. या भागातून जिराफ कधीच नाहीसे झाले होते. २०११ मध्ये रॉथशिल्ड जातीचे आठ जिराफ लाँगिचारो नावाच्या भूशिरावर आणून सोडले. तीन बाजूंनी पाणी, त्यामुळे शिकारीची भीती कमी. पण पाणी चढत गेलं, भूशिराचं बेट झालं आणि २०२० पर्यंत बेटावरचा चाराही पुरेना. रेंजर रोज बोटीनं खाणं नेऊन टाकायचे.

जिराफ पाण्यातून काढायचा कसा? माझ्यातला इंजिनिअर इथे जागा झाला. रिकाम्या पिंपांवर लोखंडी सांगाडा बसवून स्थानिक लोकांनी एक तराफा बांधला. जिराफानं उडी मारू नये म्हणून चारही बाजूंना उंच कठडे. बोटींनी तो ओढत न्यायचा. भुलीचं औषध जिराफाला धोक्याचं असतं. एवढ्या उंच मानेपर्यंत रक्त चढवायचं म्हणून त्याचा रक्तदाब आपल्या जवळजवळ दुप्पट असतो. जनावर आडवं पडलं की जिवावर बेतू शकतं. त्यामुळे भूल दिली तरी लगेच उतारा द्यावा लागतो.

मग बहुतेकांसाठी त्यांनी साधाच उपाय केला. तराफा काठाला लावून ठेवायचा आणि त्यावर बाभळीच्या शेंगा ठेवायच्या. आज एक पाय, उद्या दोन. सवय झाली की जनावर आपणहून आत. २ डिसेंबर २०२० ला असीवा नावाची मादी पहिली पलीकडे आली. १२ एप्रिल २०२१ ला नगारिकोनी आणि तिचं छोटं पिल्लू नोएल आलं आणि नऊच्या नऊ जिराफ सुखरूप पोचले.

आता ते सुमारे ४,४०० एकरांच्या कुंपणाच्या आत असतात. अर्धा तास चाललो आणि बाभळींच्या वर तीन माना दिसल्या. गुडघ्याखाली ठिपकेच नाहीत, पाय पांढरेशुभ्र. आई म्हणाली, "शाळेत निघाल्यासारखे मोजे घातलेत की रे यांनी!" त्यातल्या एकानं काळपट जीभ लांब काढून काट्यांतून पाला अलगद ओढला. आम्ही कितीतरी वेळ नुसते बघत उभे होतो.

मग आईनं मला विचारायला लावलं, "एवढी जागा जिराफांना दिली, मग तुमची गुरं कुठं चरतात?" रेंजर म्हणाला, बाकीचं रान गुरांना आहे, दुष्काळात ओढाताण होते, भांडणंही होतात. "पण जागा कोणी घेतली नाही. आमचीच होती, बैठकीत बसून आम्हीच ठरवलं."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आम्हाला कोणी विचारलं नव्हतं."

परतीच्या वाटेवर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तिच्या व्हिसाचे कागद मी तिला न विचारताच भरायला घेतले होते. इंदापूरचं घर भाड्यानं द्यायचं, हेही मीच ठरवून टाकलं होतं. नाकुरूला चहाला थांबलो तेव्हा तिला तसं सांगितलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

तिनं उरलेला ठेपला माझ्यापुढे सरकवला. "दर वर्षी दोन महिने येईन. पुढचं पुढे बघू." आणि मग बोटवाल्याकडून दिवसभर ऐकलेला शब्द तिनं वापरला, "पोले पोले."

म्हणजे, हळूहळू.