हॉस्पिटल पाच मिनिटांवर असलं, तरी १०८ का?

मिरज म्हटलं की तंतुवाद्यं आणि दवाखाने. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. आज सीमेपलीकडून, कर्नाटकातूनही पेशंट येतात. त्यामुळे आपल्याला एक सवय लागली आहे. घरात कुणाला काही झालं की रिक्षात घालायचं, नाहीतर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवायचं. "पाच मिनिटांत पोचतो, अँब्युलन्स कशाला?"

आम्ही म्हणतो, प्रश्न अंतराचा नाहीच. त्या पाच मिनिटांत काय होऊ शकतं, हा आहे. हार्ट अटॅकमध्ये हृदय वाटेतच बंद पडू शकतं. रिक्षात त्यावर इलाज नाही. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ ची मोफत सेवा आहे. त्या गाडीत ऑक्सिजन असतो, डॉक्टर असतो. म्हणजे उपचार दारातच सुरू होतात.

मग फोन कधी करायचा? छातीत दाब येतोय, घाम फुटलाय, दम लागतोय. तोंड वाकडं झालंय, एक हात लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय. शुद्ध हरपली आहे. रक्त थांबत नाही. अपघातात मानेला किंवा पाठीला मार बसलाय. यातलं एक जरी दिसलं, तरी "पित्त असेल, सकाळी बघू" म्हणू नका. मधुमेह असलेल्या माणसाला तर अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागतो.

लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, ते लक्षात ठेवा.

फोनवर आधी पत्ता सांगा. नुसतं "दर्ग्याजवळ" म्हणून भागत नाही. गल्ली सांगा, खूण सांगा, एकाला कोपऱ्यावर उभं करा. समोरच्याने सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका. गाडीला किती वेळ लागेल तेही विचारा. फार उशीर होणार असेल, तर दुसरी गाडी करायची का, हे त्यांनाच विचारून ठरवा.

माणूस हाक मारून उठत नसेल आणि श्वासही नसेल, तर छातीच्या मधोमध जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. गाडी येईपर्यंत थांबू नका.

साधा ताप, किरकोळ जखम यासाठी ती गाडी अडवू नये, हेही खरं. पण जिवाची शंका आली, तर संकोच करू नका. फोन वाया गेला तरी चालेल, माणूस जाता कामा नये.